मावशी ‘ठीक आहे’ म्हणाली

(दृश्य: इंदूर, राजेंद्रनगर. स्वयंपाकघराचा ओटा, त्यावर पितळी सोऱ्या. बाहेरून भाजीवाल्याची हाक.)

हा सोऱ्या माझ्या मावशीचा. तीस वर्षं दिवाळीआधीचे पंधरा दिवस तो खाली ठेवायलाही तिला सवड नसायची. राजेंद्रनगरात, सुदामानगरात, रामबागेतल्या जुन्या घरांत तिच्या चकल्या जायच्या. भाजणी घरची, ऑर्डर तोंडी, पैसे रोख. पावती कधी कोणी मागितली नाही, म्हणून तिनं कधी फाडली नाही.

(दृश्य: मावशीचा हात, अगदी जवळून.)

आता सोऱ्याची दांडी फिरवताना तिचा हात बघा. मनगट वळतच नाही. त्याऐवजी कोपर बाहेर जातो, खांदा वर उचलला जातो. चकलीचे दोन वेढे पडतात. तिसऱ्याला ती थांबते आणि डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरते. तोंडातून शब्द निघत नाही.

2022 च्या श्रावणातली गोष्ट. चोइथराम मंडीतून भाजी घेऊन ती रस्ता ओलांडत होती आणि एका कारनं तिला उडवलं. मनगटाचं हाड तीन ठिकाणी मोडलं. ऑपरेशन झालं, प्लेट आणि स्क्रू बसले. मग प्लास्टर, मग फिजिओथेरपी, गरम मेणाचे शेक. हाड जुळलं, एक्स-रे चांगला आला. पण सांधा आखडला तो आखडलाच. रात्री दोन-अडीचला ठणका उठतो आणि ती अंथरुणात बसून राहते. भजनी मंडळात ती टाळ वाजवायची. आता मागच्या रांगेत बसून नुसती म्हणते.

भरपाईचा क्लेम करायला ती तयारच नव्हती. गाडी चालवणारा मुलगा विशी-बाविशीचा, दवाखान्यात फळं घेऊन आला, तिच्या पाया पडला. “त्याचं कशाला वाटोळं करायचं?” असं ती म्हणायची. आणि दुसरं, हळू आवाजात, “दुखण्याचे कसले रे पैसे घ्यायचे?”

तिला समजावताना मलाही बरंच समजलं. फौजदारी खटला वेगळा आणि भरपाईचा अर्ज वेगळा. रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तो नेमका याच कामासाठी: गाडीनं दुसऱ्या कोणाला इजा केली तर त्याची भरपाई विमा कंपनीनं द्यावी म्हणून. त्या मुलाच्या खिशातून काही जाणार नव्हतं. अर्ज मोटर वाहन कायदा 1988 च्या कलम 166 खाली, क्लेम ट्रिब्युनलकडे, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे. अपघात जिथे झाला तिथे करा, नाहीतर तुम्ही राहता तिथे. मात्र 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीत अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. आमचा अर्ज पाचव्या महिन्यात गेला. त्यातले चार महिने मावशीच्या ‘राहू दे’मध्ये गेले होते.

(दृश्य: फायलींचे गठ्ठे, लाल दोऱ्या. टाइपिंगचा आवाज.)

मग पेश्या, म्हणजे कोर्टाच्या तारखा, सुरू झाल्या. तिचं म्हणणं शपथपत्रावर आधीच दाखल होतं. साक्षीच्या दिवशी विमा कंपनीचे वकील तिची उलटतपासणी घेणार होते. मोठा आवाज नाही, दरडावणी नाही. अगदी घरच्या माणसासारखं त्यांनी विचारलं, “माताजी, अब तो आप ठीक हैं ना?”

मावशी म्हणाली, “हाँ जी, ठीक हूँ.”

“घर का काम कर लेती हैं?”

“हाँ, कर लेती हूँ.”

मी मागे बसलो होतो. तिचा उजवा हात पदराखाली होता. तो कोणाला दिसला नाही. टाइप झालं ते असं: ‘यह कहना सही है कि मैं अब ठीक हूँ. यह कहना सही है कि मैं घर का काम कर लेती हूँ.’ खाली तिनं सही केली, डाव्या हातानं.

ती खोटं बोलली नव्हती. ‘कशी आहेस?’ या प्रश्नाला तिला लहानपणापासून एकच उत्तर शिकवलेलं. माहेरचं माणूस आलं तरी ‘बरी आहे’, ताप एकशे दोन असला तरी ‘बरी आहे’. आमच्या घरातल्या सगळ्या बायका अशाच बोलतात. त्या दिवशी पहिल्यांदा मला या शब्दांची भीती वाटली.

दुखण्यापोटी भरपाई हा काही वकिलांनी काढलेला चोरदरवाजा नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2010 च्या एका निकालात ही मांडणी नीट समजावून दिली आहे. एका बाजूला पैशांत मोजता येणारं नुकसान: औषधपाणी, बुडालेली कमाई, पुढचा इलाज. दुसऱ्या बाजूला बिल नसलेलं: वेदना, यातना, मनाला बसलेला धक्का. आणि त्याहून वेगळं म्हणजे जगण्यातला जो आनंद गेला, तो. मावशीचे टाळ या शेवटच्या खात्यात बसतात.

त्याच निकालातलं एक उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. दोन माणसांचा डावा हात गेला. डॉक्टरांच्या दाखल्यावर दोघांचं अपंगत्व सारखंच. पण एक सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण बुडाली, आणि दुसरा सरकारी कारकून असेल तर त्याची नोकरी टिकू शकते. म्हणजे दाखल्यावरचे टक्के एवढ्यावर भागत नाही. तो हात रोज काय करत होता, हे कोणीतरी न्यायाधीशांना सांगावं लागतं. आम्ही सोऱ्याबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. शपथपत्रात लिहिलं होतं, ‘गृहिणी’.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. अपघातात माणूस गेला, तर काही रकमा ठरलेल्या आहेत. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं अंत्यसंस्कारासाठी 15,000, जोडीदाराच्या वियोगासाठी 40,000 असे आकडे घालून दिले आणि दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढ सांगितली. जो वाचला, त्याच्या वेदनेला असा ठरलेला आकडा नाही. जखम कसली, ऑपरेशनं किती, किती दिवस पडून काढले, पुढे काय उरलं, हे बघून न्यायाधीश ठरवतात. 2020 मध्ये, बाराव्या वर्षी अपघातात कायमची परावलंबी झालेल्या एका मुलीला सर्वोच्च न्यायालयानं वेदना आणि हरवलेल्या सुखापोटी 15 लाख रुपये दिले. 2024 मध्येही एका जखमी माणसाला फक्त वेदनेपोटी 15 लाख मिळाले. या फार गंभीर केसेस, मावशीच्या मनगटाशी त्यांची बरोबरी होत नाही. पण दार किती उघडू शकतं, ते त्यातून दिसतं.

आमच्या निकालात दवाखान्याची बिलं जवळपास पूर्ण मंजूर झाली. दुखण्यापोटी आले तीस हजार. कारणात लिहिलं होतं की अर्जदार स्वतःच ठीक असल्याचं आणि घरकाम करत असल्याचं मान्य करते. मी न्यायाधीशांना दोष देत नाही. त्यांच्यापुढे जे कागद होते त्यांत रात्रीचे अडीच कुठेच नव्हते. फिजिओच्या चिठ्ठ्या आम्ही रद्दीत घातल्या होत्या. अपंगत्वाचा दाखला होता, पण तो देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलवायचं राहून गेलं, आणि डॉक्टरांनी समोर येऊन सांगितल्याशिवाय दाखल्याला फारसं वजन येत नाही. चकल्या नेणाऱ्या दहा घरांतल्या दोन काकू जरी साक्षीला उभ्या राहिल्या असत्या, तरी पावतीची गरज भासली नसती. त्या आल्याही असत्या. आम्ही विचारलंच नाही.

(दृश्य: संध्याकाळ. मावशी अंगणात, मांडीवर वही.)

निकालावर उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात अपील केलं आहे, नव्वद दिवसांच्या आत. नवे वकील भले माणूस आहेत. पहिल्याच भेटीत त्यांनी मावशीला विचारलं, “मावशी, सकाळी उठल्यापासून काय काय जमत नाही, ते सांगा.” ती गप्प. ते थांबून राहिले. मग ती म्हणाली, “ब्लाउजचे हुक.” मग, “दुधाचं पातेलं.” मग, “कपडे पिळणं. वेणी. कुलपाची किल्ली.” पाऊण तास ती बोलत होती. मी तिचा भाचा, चार घरं सोडून राहतो. यातलं निम्मं मी पहिल्यांदा ऐकलं.

त्यांनी स्पष्ट सांगितलं की अपिलात नवा पुरावा सहजासहजी घेत नाहीत, हे सगळं पहिल्या दिवसापासून लिहिलेलं असतं तर गोष्ट वेगळी होती. तरी तिनं वही सुरू केली. डाव्या हाताचं अक्षर, वाकडं, पण तारखेसकट. ‘मंगळवार. रात्री 2.20 ला जाग. शेक घेतला. पहाटे झोप.’ ‘गुरुवार. हॉर्न वाजला, रस्त्यातच थांबले. एका मुलीनं हात धरून पलीकडे नेलं.’

गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंच्या नातवाला स्कूटरवरून जाताना गाडीनं धडक दिली. पाय मोडला. मावशी त्याला बघायला दवाखान्यात गेली. त्यानं हसून सांगितलं, “आजी, बरा आहे मी.”

मावशीनं पिशवीतून कोरी वही काढली, ऐंशी पानी, रेघांची. उशाशी बसून पहिल्या पानावर तारीख टाकली आणि त्याला विचारलं, “कुठे दुखतंय? नीट सांग.”