जेवणानंतरची पंधरा मिनिटं

(दृश्य: जेवण आटोपून चालायला निघालेली पावलं)

जेवल्यावर अन्नातली साखर रक्तात उतरते. तिला पेशीत पोचवायचं काम इन्सुलिनचं. टाइप 2 मधुमेहात पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत आणि साखर रक्तातच साचते.

पण आपण चालू लागतो तेव्हा मांडीचे, पोटरीचे स्नायू आखडतात, सैलावतात. त्यासरशी पेशीच्या आत दडलेले ‘ग्लुट-4’ नावाचे वाहक पृष्ठभागावर येतात आणि साखर आत ओढू लागतात, इन्सुलिनच्या हुकमाची वाट न बघता. म्हणूनच जेवणानंतरची पंधरा मिनिटं इतकी मोलाची! साखर चढायला लागते नेमकी तेव्हाच.

चालणं थांबलं तरी स्नायू इन्सुलिनचं जास्त ऐकतात. साधारण 24 तास, कधी 72 तासांपर्यंत. मग तो परिणाम ओसरतो. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी भरपूर घाम गाळून बाकी आठवडा बसून काढला तर भागत नाही. सलग दोन दिवसांहून जास्त खाडा नको.

आठवड्याला किमान 150 मिनिटं. वेग असा, की बोलता यावं पण गाता येऊ नये. शिवाय दोन-तीन दिवस ताकदीचे व्यायाम. हात न टेकता खुर्चीतून उठबस केली तरी चालेल. काम बैठं असेल तर दर अर्ध्या तासाने उठा.

(दृश्य: उपडा करून झटकलेला बूट, आतून फिरणारा हात)

आता काळजीचं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी, शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी चालू असेल, तर व्यायामाने साखर एकदम उतरू शकते, कधी रात्री झोपेतही. हात थरथरले, दरदरून घाम फुटला, की थांबा. साखर मोजा. 70 मिग्रॅ/डीएलच्या खाली असेल तर तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यातून घ्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. असं वारंवार झालं तर डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या, आपल्या मनाने नाही.

मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्याला इजा झालेली असू शकते; तो तपासल्याशिवाय जड वजनं उचलू नका. आणि पाय! मधुमेहाने बधिर झालेल्या तळव्याला बुटातला खडा टोचत नाही, जखम मात्र होते. बूट घालण्याआधी आतून हात फिरवा, रोज तळवे बघा. जखम दिसली तर लगेच दाखवा. ती भरेपर्यंत चालणं बंद, पण खुर्चीत बसून हातांचे व्यायाम चालू ठेवता येतात.