अमका, तमक्याचा मुलगा

श्रोतेहो, नमस्कार.

लेण्यात किंवा गडावर गेलं की दगडावर कोरलेली नावं दिसतात, बाण मारलेला बदाम दिसतो आणि आपलं डोकं फिरतं. फिरायलाच हवं, कायद्यानं तो गुन्हा आहे, तुरुंगही होऊ शकतो. आज मात्र मी प्राचीन इजिप्तच्या मंदिरांवर नावं कोरणाऱ्या अशा काही उपद्व्यापी मंडळींबद्दल बोलणार आहे, ज्यांचं एकेक अक्षर विद्वानांनी जपून उतरवून घेतलंय.

इजिप्तच्या दक्षिण टोकाला अबू सिंबेल आहे. इजिप्तचा राजा दुसरा रामसेस यानं डोंगरात कोरवून घेतलेलं मंदिर. दाराशी त्याचेच चार बैठे पुतळे, प्रत्येक सुमारे 20 मीटर उंच. इ.स.पूर्व 593 च्या सुमारास राजा दुसरा साम्तिक याचं सैन्य इजिप्तच्या दक्षिणेकडच्या नुबिया प्रांताच्या स्वारीवर निघालं, तेव्हा हे मंदिर साडेसहाशे वर्षांचं झालं होतं. सैन्यात भाडोत्री परदेशी शिपाई होते, ग्रीक आणि फिनिशियन. फिनिशियन म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे दर्यावर्दी. या शिपायांनी रामसेसच्या पुतळ्यांच्या पायांवर आपली नावं कोरली. ग्रीकांनी मोहिमेची हकीकतच लिहिली: नदीनं जाऊ दिलं तिथवर आम्ही गेलो, परदेशी तुकडीचा सेनापती पोतासिम्तो, इजिप्शियनांचा अमासिस. फिनिशियन लोकांनी तेवढी हौस केली नाही. मी अमका, तमक्याचा मुलगा. बहुतेकांचं एवढ्यावरच भागलं. गंमत अशी, की ग्रीकांनी जी लिपी वापरली ती मुळात फिनिशियनांकडूनच घेतलेली!

इजिप्तमधल्याच अबायडोसला मात्र ही फिनिशियन मंडळी जरा मोकळी होतात. तिथं राजा पहिला सेती याचं मंदिर आहे, आणि गाव ओसायरिस देवाचं. इ.स.पूर्व पाचव्या ते तिसऱ्या शतकात येणाजाणाऱ्या फिनिशियनांनी तिथल्या भिंतींवर ओरखडे काढले. अक्षरं 22, उजवीकडून डावीकडे, आणि स्वरांना अक्षरच नाही; त्यामुळे नावाचा उच्चार आपल्याला अंदाजानंच करावा लागतो. त्यातला एक गृहस्थ स्वतःचं, बापाचं आणि आजोबाचं नाव देतो, आपण फिनिशियनांच्या टायर बंदराचे असल्याचं सांगतो आणि वर राहायला इजिप्तमधल्या ओन शहरात, हेही लिहितो. त्याचं नाव पालुबास्त असं काहीसं. त्यातली बास्त ही इजिप्तची मांजरीच्या रूपातली देवी! बापाच्या नावात मात्र मायदेशीचा देव आहे. परक्या मुलखात रुजलेलं घराणं एका ओळीत दिसतं.

मला या ओरखड्यांचं मोल वाटतं ते यासाठीच. फिनिशियनांची लिखापढी पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावर व्हायची, ती बहुतेक सगळी कुजून गेली. त्यांच्याबद्दल आपण जे वाचतो, ते बरंचसं ग्रीक-रोमनांनी लिहिलेलं. त्यातले बरेच त्यांचे शत्रू किंवा धंद्यातले प्रतिस्पर्धी. त्यामुळे साध्या शिपायानं, वाटसरूनं स्वतःच्या हातानं खरडलेली ओळ म्हणजे मोठंच घबाड.

पुढे आस्वानचं मोठं धरण झालं. अबू सिंबेल पाण्याखाली जाणार म्हणून 1964 ते 1968 या काळात आख्खं मंदिर करवतीनं कापून सुमारे 65 मीटर वर नेलं. रामसेसच्या पायांबरोबर या शिपायांची नावंही वर गेली.

आपल्याकडे असं काही पाहायचं असेल, तर मुंबईतल्या कान्हेरीला जा. त्या बौद्ध लेण्यांमध्ये पारशी पाहुण्यांनी 1009 आणि 1021 साली पहलवी या जुन्या इराणी लिपीत आपली नावं कोरून ठेवली आहेत, तीही वडिलांच्या नावांसकट.