घरच्या ब्रेडची सारखी स्लाइस

[दृश्य: टोस्टरमधून वर आलेली स्लाइस, अगदी जवळून]

ही स्लाइस बघा. एक कड करपलीये, दुसरीने रंगच धरलेला नाही. टोस्टर बिघडलेला नाही, स्लाइस वाकडी कापली गेलीये. एकीकडे २० मिलिमीटर जाड, दुसरीकडे जेमतेम ८. जाड बाजू तापलेल्या तारांच्या जवळ गेली आणि जळली. पातळ बाजू लांब राहिली आणि नुसतीच सुकून कडक झाली.

तव्यावर खोड वेगळी. सुरी अडखळत चालली की स्लाइसवर पायऱ्या पडतात. उंचवटे तव्याला टेकून काळे होतात, खोलगट जागा पांढऱ्याच राहतात.

[दृश्य: जाळीवर निवत ठेवलेला ब्रेड]

बहुतेक ब्रेड सुरी लावण्याआधीच बिघडतो, तो घाईमुळे. भट्टीतून काढलेल्या ब्रेडचा गर अजून ओलसर, चिकट असतो. तेव्हा कापला तर गर पात्याला चिकटतो, ओढला जातो, दाबून त्याचा लगदा होतो. ४०० ग्रॅम मैद्याचा ब्रेड जाळीवर किमान २ ते ३ तास निवू द्या. खालून वारा लागला पाहिजे, नाहीतर बूड घामेजतं. टोस्टसाठी तर दुसऱ्या दिवशी कापलेला सगळ्यात चांगला, कारण रात्रभरात गर घट्ट बसतो.

सुरी दातेरी हवी, पातं २५ सेंटिमीटरच्या आसपास. आखूड पात्याला सारखं मागेपुढे करावं लागतं, आणि दर वळणावर एक पायरी पडते. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पुष्कळशा दातेरी सुऱ्यांना एकाच बाजूने धार काढलेली असते. अशी सुरी कापता कापता सपाट बाजूकडे सरकते. तुमची स्लाइस दर वेळी एकाच दिशेने तिरकी येत असेल तर पातं निरखून बघा. कुठे सरकतंय ते कळलं की हात आपोआप सावरतो.

[दृश्य: ब्रेड फळीवर कुशीवर वळवला जातो]

आता ब्रेड कुशीवर निजवा. उभ्या ब्रेडचा वरचा फुगवटा सुरीखाली दबतो, आणि शेवटी बुडाची कडक कड आली की पातं घसरतं. साच्यातल्या ब्रेडची कुशी सपाट असते. सुरी तिच्यात सहज शिरते, आणि फुगवटा नि बूड दोन्ही एकाच वेळी कापले जातात.

पट्टीने १२ मिलिमीटर मोजा. वरच्या बाजूला सुरीने हलकी रेघ ओढा, मग तीच रेघ तुमच्याकडच्या अंगावरून खाली फळीपर्यंत आणा. पातं या दोन्ही रेघांत राहिलं की स्लाइस सरळच येते. नुसती वरची रेघ बघत कापलं तर खाली पातं कुठे गेलं ते दिसत नाही, आणि पाचर तयार होते. सुरी लांब लांब फिरवा, वरून जोर देऊ नका. दाबलेला गर सुरी निघाल्यावर पुन्हा फुगतो, आणि कापलेली बाजू खोलगट होते.

[दृश्य: उरलेला तुकडा, दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या]

शेवटचा पाच-सहा सेंटिमीटरचा तुकडा धरायला जागाच उरत नाही. बोटं इथेच कापतात. तो कापलेल्या बाजूवर उपडा ठेवा. दोन्ही बाजूंना १२ मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवा, आणि सुरी आडवी, त्या पट्ट्यांवर टेकवून चालवा. तळहात तुकड्यावर टेकवलेला, बोटं उचललेली. तुकडा फळीच्या काठाशी ठेवला तर सुरीची मूठ बाहेर राहते आणि हात अडत नाही.

१९२८ च्या ७ जुलैला अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात, चिलिकॉथी गावी, ऑटो रोवेडर यांच्या यंत्राने कापलेला ब्रेड पहिल्यांदा विकायला आला. सारख्या अंतरावर बसवलेली पाती जे काम करतात, तेच घरी या दोन पट्ट्या करतात.

[दृश्य: स्लाइस, मध्ये बटर पेपर]

कापलेला ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नका. तिथल्या गारव्यात तो बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बाहेर ठेवला तर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. म्हणून दोन दिवसांत संपणार नाहीत तेवढ्या स्लाइस मध्ये बटर पेपर घालून, हवाबंद पिशवीत, थेट फ्रीजरमध्ये टाका. लागेल तेव्हा गोठलेलीच टोस्टरमध्ये घाला, फक्त थोडा वेळ जास्त द्या.