शिबिराचं मैदान भाड्याने देताना

श्रोतेहो, नमस्कार. स्काउट-गाइडचं शिबिरस्थळ वर्षातले कितीतरी आठवडे कुलूपबंद असतं. चौकीदाराचा पगार, विजेचं बिल, कुंपणाची डागडुजी मात्र बाराही महिने चालू. मुलांची फी वाढवली की गरीब घरची मुलं गळतात. म्हणून मोकळ्या दिवसांत ही जागा सहलीच्या कुटुंबांना भाड्याने द्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. लंडनजवळचं गिलवेल पार्क 1919 पासून स्काउटांचं आहे. तेही आज बाहेरच्यांना सभा-समारंभांसाठी मिळतं.

आधी मुलांच्या शिबिरांच्या तारखा पक्क्या करा, उरलेले शनिवार-रविवार लोकांना. मुलांच्या टोळ्या मुक्कामाला असताना बाहेरचा एकही पाहुणा आत नको, समितीतल्या कुणाचा मेहुणा असला तरी नको. संडास तेच, नळ तोच, रात्रीची ये-जा वाढलेली. अशात मुलांवर लक्ष राहत नाही. मुलांचे तंबू, दोर आणि भांडीही भाड्याने देऊ नयेत. ओला तंबू तसाच गुंडाळून ठेवला की त्याला बुरशी धरते आणि पुढच्या शिबिरात तो गळतो.

आता संडास, कारण सगळं अडतं ते इथेच. आपल्या माळव्याची काळी माती पाणी फार सावकाश मुरवते, आणि पावसाळ्यात फुगली की जवळजवळ मुरवतच नाही. मुलांच्या चार दिवसांच्या शिबिराला पुरणारा शोषखड्डा दर रविवारी पन्नास-साठ माणसं आली की तुंबतो. वीस माणसांमागे एक संडास धरा. सेप्टिक टँकमधून बाहेर पडणारं पाणी एकाच खड्ड्यात न सोडता गिट्टी भरलेल्या लांब, उथळ चरात सोडा, विहिरीपासून दूर. वासासाठी बादलीभर फिनाइल ओतू नका. टाकीतले जिवाणू मरतात आणि वास उलट वाढतो.

पिण्याच्या पाण्याच्या हजार लिटरच्या टाकीला चांगली ब्लीचिंग पावडर सुमारे अडीच ग्रॅम लागते. बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या, वरची निवळ टाकीत घाला आणि तासभर थांबा. पाकीट उघडं राहिलं तर पावडरीतला क्लोरीन उडून जातो. मग माप बरोबर असूनही पाणी निर्जंतुक होत नाही.

इंदूरकर सहलीला निघाला की दाल-बाफले, म्हणजे डाळ आणि गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, आलेच! विटांच्या पक्क्या चुली बांधून द्या आणि गोवऱ्यांसकट चुलीचं भाडं घ्या. चुलीभोवती दहा फूट गवत खरवडून काढा. दिवाळीनंतर गवत वाळतं, आणि गोवरीचा निखारा राखेखाली रात्रभर जिवंत राहतो. पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, पुन्हा ओतायचं. राखेजवळ हात नेला तर धग लागता कामा नये. तोवर चौकीदाराने तिथून हलू नये.

गाड्या फाटकाबाहेर, मुरमावर. ओल्या काळ्या मातीत एक गाडी रुतली की पडलेल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात, आणि मुलांना खेळायला मैदान राहत नाही.

दर ठरवताना बहुतेक समित्या फक्त त्या दिवसाचा खर्च मोजतात आणि तोट्यात जातात. समजा, वर्षाची देखभाल 3 लाख आणि मोकळे दिवस 40. त्यातले निम्मेच भरतील असं धरा. म्हणजे दिवसाला 15,000, आणि पन्नास माणसं आली तर माणशी 300, जेवण वेगळं. हे पैसे वेगळ्या खात्यात, वेगळ्या वहीत ठेवा. जमीन सरकारी पट्ट्याची, म्हणजे सरकारकडून भाडेकराराने घेतलेली, असेल तर पट्ट्यात भाड्याने द्यायची मुभा आहे का, हे पहिल्या पाहुण्याच्या आधी पाहा. संस्था धर्मादाय असेल तर या उत्पन्नावरच्या कराबद्दल चार्टर्ड अकाउंटंटला विचारा. जाहिरातीत गणवेश किंवा बोधचिन्ह राज्य शाखेच्या लेखी परवानगीशिवाय नको.

पहिल्या वर्षी फक्त दिवसाच्या सहली घ्या, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. पावसाळ्यात शोषचर कसा तग धरतो ते पाहा, आणि मगच रात्रीच्या मुक्कामाचं बुकिंग सुरू करा.