बहिष्कार उठला, पंगत मात्र अजून बसलेली नाही

नमस्कार. नोव्हेंबर २०२५ मध्ये रोमच्या कॅथलिक चर्चचे प्रमुख पोप चौदावे लिओ आणि पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमधले कॉन्स्टँटिनोपलचे (आजचे इस्तंबूल) पॅट्रिआर्क, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, बार्थोलोम्यू यांनी तुर्कस्तानातील इझनिकला, म्हणजे जुन्या निकियात, एकत्र प्रार्थना केली. तेव्हापासून ‘कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स आता एक झाले ना?’ असे तुम्ही सतत विचारत आहात. या दोघांमधल्या वादाची मुळे तुम्हाला ठाऊक आहेतच: पोपचा अधिकार कुठवर चालतो, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा या ख्रिस्ती त्रैक्यातला पवित्र आत्मा केवळ पित्यापासून निघतो की पुत्रापासूनही.

गोंधळ होतो तो बहिष्काराबाबत, म्हणजे चर्चमधून बाहेर काढण्याच्या शिक्षेबाबत. १६ जुलै १०५४ रोजी पोपचे दूत कार्डिनल हम्बर्ट यांनी कॉन्स्टँटिनोपलच्या आया सोफिया चर्चच्या वेदीवर बहिष्कारपत्र ठेवले, ते तिथले पॅट्रिआर्क मायकेल केरुलारियस आणि त्यांच्या समर्थकांवर होते, समस्त पूर्वेकडील चर्चवर नव्हे. उलट बहिष्कारही हम्बर्ट आणि त्यांच्या सोबत्यांवरच होता. शिवाय ज्या पोपच्या वतीने ते आले होते, ते नववे लिओ एप्रिलमध्येच वारले होते!

७ डिसेंबर १९६५ रोजी पोप सहावे पॉल आणि कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क अथेनागोरस यांनी हे बहिष्कार मागे घेतले. ‘म्हणजे मिटले’ असे मागच्या व्हिडिओत मीच बोलून गेलो, आणि एका प्रेक्षकाने माझी योग्य ती कानउघाडणी केली. वाळीत टाकलेल्याला पुन्हा गावात घेतले, म्हणून पंगतीत त्याचे पान मांडले असे होत नाही; इथे पंगत म्हणजे एकाच वेदीवरचा ख्रिस्तप्रसाद, म्हणजे उपासनेत मिळून घेतलेली भाकर आणि द्राक्षरस. एवढ्याने मतभेद संपत नाहीत, हे त्या दोघांच्या निवेदनातच लिहिलेले आहे.

अजूनही पटत नसेल, तर उलटे उदाहरण घ्या. श्रद्धा तीच, उपासना तीच, तरीही युक्रेनमधील चर्चला स्वतंत्र चर्चचा दर्जा देण्याच्या कॉन्स्टँटिनोपलच्या निर्णयावरून १५ ऑक्टोबर २०१८ रोजी मॉस्कोने, म्हणजे रशियन ऑर्थोडॉक्स चर्चने, त्यांच्याशी पंक्तिव्यवहार तोडला.

‘बार्थोलोम्यू म्हणजे ऑर्थोडॉक्सांचे पोपच’ असे लिहिणाऱ्यांना मात्र मी आता हात जोडतो. ते समानांमध्ये पहिले आहेत. त्यांचा शब्द मॉस्कोवर बंधनकारक नाही, त्यामुळे रोमने त्यांच्याशी जुळवून घेतले तरी काम अर्धेच राहते. २००७ मध्ये राव्हेन्नाला कॅथलिक-ऑर्थोडॉक्स संवाद आयोगाची बैठक भरली, तेव्हा रशियन प्रतिनिधी उठून गेले. त्यांचा आक्षेप कॅथलिकांवर नव्हताच. कॉन्स्टँटिनोपलच्या छत्राखालील एस्टोनियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चला बोलावल्याचा त्यांना राग होता, आणि पोपच्या अग्रस्थानाविषयीचा मसुदा त्यांच्याविनाच संमत झाला.