रशिया रुसलेला नाही : प्रिन्स गोर्चाकोव्ह

मंडळी, इंग्लंड, फ्रान्स आणि तुर्कस्तानविरुद्धचं क्रिमियाचं युद्ध रशिया हरला आणि मार्च १८५६मध्ये पॅरिसला तहावर सह्या झाल्या. त्यातलं एक कलम फार जिव्हारी लागणारं होतं. काळ्या समुद्रात रशियाने लढाऊ आरमार ठेवायचं नाही, किनाऱ्यावर शस्त्रागारं उभारायची नाहीत. बंधन तुर्कस्तानवरही होतं, पण तुर्कांची जहाजं भूमध्य समुद्रात उभी राहू शकत होती. रशियाचा अख्खा दक्षिण किनारा मात्र उघडा पडला.

तहानंतर महिन्याभरातच झार दुसऱ्या अलेक्झांडरने परराष्ट्र खातं प्रिन्स अलेक्झांडर मिखाइलोविच गोर्चाकोव्हच्या हाती दिलं. तो उन्हाळा सरता सरता त्याने परदेशातल्या आपल्या वकिलांना एक खलिता धाडला. वकील हा शब्द मी आपल्या मराठेशाहीतल्या अर्थाने वापरतोय, म्हणजे राजदूत. फ्रेंचमध्ये लिहिलेल्या त्या खलित्यात तो म्हणतो : ‘रशिया रुसला आहे, असं म्हणतात. रशिया रुसलेला नाही. रशिया स्वतःला सावरतो आहे.’ मूळ क्रियापदाला मन एकवटून शांत बसण्याची छटा आहे, प्रार्थनेआधी माणूस बसतो तशी. मला ‘सावरणं’ त्याच्या सर्वांत जवळचं वाटतं. हरलेल्या देशाने आपलं मौन इतक्या ताठ मानेने समजावून सांगितल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

हा माणूस आला कुठून? जन्म १७९८चा, आजच्या एस्टोनियातल्या हाप्सालू गावचा. घराणं जुनं, राजवंशाशी नातं सांगणारं. १८११मध्ये त्सार्स्कोये सेलोला नवी शाळा निघाली, लिसेयुम. तिच्या पहिल्याच तुकडीत तो दाखल झाला. वर्गात पुश्किन होता! पुढे १८२५मध्ये पुश्किनने शाळेच्या वर्धापनदिनावर कविता लिहिली आणि विचारलं, आपल्यापैकी म्हातारपणी हा दिवस एकट्याने साजरा करायची वेळ कुणावर येईल? ती वेळ आली गोर्चाकोव्हवर. त्या तुकडीतला शेवटचा जिवंत माणूस तोच ठरला.

नोकरीत मात्र त्याला फार वाट पाहावी लागली. तेव्हाचा परराष्ट्रमंत्री नेसेलरोड याचं त्याच्याशी कधी जमलं नाही. १८४१मध्ये त्याला श्टुटगार्टला पाठवलं, एका छोट्या जर्मन राज्याच्या दरबारात. तिथे त्याने झारची मुलगी ओल्गा आणि तिथला युवराज यांचं लग्न जमवलं. पुढे फ्रँकफर्टला प्रशियाचा एक तरुण वकील त्याला भेटला, त्याचं नाव बिस्मार्क. हाच पुढे जर्मनीचा चॅन्सलर झाला. खातं हाती आलं तेव्हा गोर्चाकोव्ह ५७ वर्षांचा होता.

आता आपल्याला जवळचा भाग. १८६४च्या अखेरीस त्याने आणखी एक खलिता काढला, मध्य आशियाबद्दल. त्याचं म्हणणं असं : सुधारलेल्या राज्याच्या सीमेला भटक्या टोळ्या लागल्या की शांततेसाठी त्यांना काबूत आणावं लागतं. मग पलीकडच्या टोळ्यांचा त्रास सुरू होतो आणि आणखी पुढे जावं लागतं. दाखले कुणाचे? अमेरिकेचे, अल्जिरियातल्या फ्रेंचांचे, डचांच्या वसाहतींचे आणि हिंदुस्थानातल्या इंग्रजांचे. महत्त्वाकांक्षेपेक्षा गरजच या सगळ्यांना पुढे ओढत नेते, आणि कुठे थांबावं हे कळणंच सर्वांत अवघड असतं, असं तो लिहितो. हे वाचताना मला राग येतो. आपला देश तिथे केवळ एक सोयीचा दाखला आहे, ‘तुम्हीही तेच केलंत’ असं लंडनला सुनावण्यापुरता. आणि तरी साम्राज्य कसं पसरतं, याची इतकी उघड कबुली दुसऱ्या कुठल्या मंत्र्याने दिल्याचं मला आठवत नाही. कागद ताजा असतानाच, जून १८६५मध्ये रशियन फौजेने ताश्कंद घेतलं. तेच ताश्कंद, जिथे १९६६ साली कराराच्या रात्री शास्त्रीजी गेले आणि संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण हजर होते. १८६८मध्ये समरकंद गेलं, १८७३मध्ये खिवा. त्याच वर्षी इंग्रजांशी ठरलं की अफगाणिस्तानची उत्तर सीमा अमूदर्या. ती नदी आजही बऱ्याच अंतरापर्यंत सीमा आहे.

पोलंडचा विषय टाळून चालणार नाही. रशियन अमलाविरुद्धच्या १८६३च्या पोलिश उठावाच्या वेळी इंग्लंड, फ्रान्स, ऑस्ट्रिया यांनी निषेधाचे खलिते पाठवले. गोर्चाकोव्हने ते परतवले आणि रशियात तो लोकप्रिय झाला. या लोकप्रियतेची किंमत पोलिश माणसाने फाशीने आणि सायबेरियाने मोजली.

काळ्या समुद्राचं कलम तो विसरला नव्हता. चौदा वर्षं थांबला. सप्टेंबर १८७०मध्ये सेदानच्या लढाईत फ्रान्सचा सम्राट प्रशियाच्या हाती सापडला, तहाचा एक मोठा पहारेकरी कोसळला. दुसरा पहारेकरी इंग्लंड एकटा लढणार नव्हता आणि फ्रान्सशी लढताना रशिया तटस्थ राहिल्यामुळे बिस्मार्क रशियाच्या उपकाराखाली होता. ऑक्टोबरअखेर गोर्चाकोव्हने जाहीर केलं की ते कलम रशिया मानत नाही. मार्च १८७१मध्ये लंडनच्या परिषदेने त्यावर शिक्कामोर्तब केलं. एक गोळी न झाडता! पण हक्क मिळवणं वेगळं आणि जहाजं बांधणं वेगळं. १८७७मध्ये तुर्कांशी युद्ध पेटलं तेव्हा काळ्या समुद्रात रशियाचं म्हणावं असं आरमार नव्हतंच.

ते युद्ध रशियाने जिंकलं, आणि तिथेच गोर्चाकोव्हचं दुर्दैव उभं होतं. सान स्तेफानोच्या तहाने रशियाच्या छायेखालचा मोठा बल्गेरिया उभा राहिला. इंग्लंड आणि ऑस्ट्रिया खवळले, आणि १८७८च्या उन्हाळ्यात बर्लिनला काँग्रेस, म्हणजे युरोपातल्या बड्या सत्तांची परिषद, भरली. गोर्चाकोव्ह ऐंशीचा, पायांनी अधू, खुर्चीत बसवून उचलून न्यावा लागणारा. वाटाघाटींचं खरं ओझं रशियाचा लंडनमधला वकील शुवालोव्ह याने वाहिलं. समोर इंग्लंडचा पंतप्रधान डिझरायली, अध्यक्षस्थानी बिस्मार्क. हाच बिस्मार्क, जर्मनी पुन्हा फ्रान्सवर चालून जाणार या १८७५च्या अफवांनंतर, त्याच्यावर डूख धरून होता, कारण युरोपात शांतता आपणच राखली असा आव गोर्चाकोव्हने आणला होता. मोठ्या बल्गेरियाचे तुकडे झाले.

माझं मत विचाराल तर त्याने १८७१नंतर निवृत्त व्हायला हवं होतं. थांबण्यातच ज्याचं सगळं कसब होतं, त्याला खुर्ची सोडायची वेळ मात्र कळली नाही. १८८२पर्यंत तो मंत्रिपदावर राहिला. पुढच्या वर्षी बाडेन-बाडेनला वारला.

बर्लिनहून परतल्यावर त्याने झारला लिहिलं की बर्लिनचा करार हे माझ्या कारकिर्दीतलं सर्वांत काळं पान आहे. अलेक्झांडरने त्यावर उत्तर लिहिलं : ‘माझ्याही.’