पाय जमिनीवर असतो तेवढाच वेळ

बर्लिन, 16 ऑगस्ट 2009. निळा ट्रॅक, 100 मीटरची रेस, आणि स्टार्टिंग ब्लॉकवर वाकलेला 1.95 मीटर उंचीचा उसेन बोल्ट. गन वाजली, त्याला हलायलाच 0.146 सेकंद लागले, पहिले 20 मीटर 2.89 मध्ये गेले, आणि 60 ते 80 मीटरचा तुकडा त्याने 1.61 सेकंदात काढला, म्हणजे ताशी जवळजवळ 45 किलोमीटर. शेवटच्या 20 मीटरला 1.66. टीव्हीवर बघताना वाटतं की शेवटी तो अजून सुटलाय, पण आकडे बघा, शेवटी बोल्टसुद्धा थोडा स्लो होत होता. शंभर मीटरमध्ये टॉप स्पीड शेवटपर्यंत कुणालाच टिकवता येत नाही. घड्याळ थांबलं 9.58 वर, आणि तो विश्वविक्रम अजून तिथेच आहे.

आता हीच रेस स्लो मोशनमध्ये बघूया, आणि फक्त पाय बघा, बाकी काही बघू नका.

आपल्याकडे शाळेच्या ग्राउंडवर कुणी पळत असलं की बाहेरून एकच ओरडा असतो, पाय उचल, पाय भरभर टाक. मीही तेच ऐकत मोठा झालो. कारण बघणाऱ्याला तसंच दिसतं ना, जो जोरात पळतो त्याचे पाय चाकासारखे फिरताना दिसतात, मग आपण म्हणतो की पाय फास्ट फिरवले की झालं.

हे खरंच तसं आहे का, हे धावण्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ पीटर वेयंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून बघितलं. हार्वर्डच्या लॅबमध्ये एक ट्रेडमिल होती, ज्याच्या पट्ट्याखाली प्रत्येक पावलाचा जोर मोजायची सोय होती. त्यावर 33 जणांना त्यांच्या त्यांच्या टॉप स्पीडला पळवलं. त्यात सेकंदाला 6.2 मीटर जाणारे साधे लोक होते आणि 11.1 मीटर जाणारे तगडे स्प्रिंटरही. 2000 साली पेपर आला. त्यात निघालं काय, तर मागचा पाय उचलून पुढे आणून परत टेकवायला लागणारा वेळ सगळ्यांचा जवळपास सारखाच, एक तृतीयांश सेकंदापेक्षा थोडा जास्त. म्हणजे हवेत पाय फिरवण्यात तुमच्या सोसायटीतला जॉगिंग करणारा माणूस आणि नॅशनल लेव्हलचा स्प्रिंटर यांच्यात फारसा फरकच नाही! फरक होता तो पाय खाली टेकल्यावर. सगळ्यात वेगवान माणूस सगळ्यात स्लो माणसापेक्षा जमिनीवर 1.26 पट जोर लावत होता, वजनाच्या हिशोबाने, आणि तोही कमी वेळात.

कमी वेळात म्हणजे किती ते नीट समजून घ्या, कारण सगळी गोम इथेच आहे. टॉप स्पीडला चांगल्या स्प्रिंटरचा पाय जमिनीवर सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी टिकतो. तेवढ्यात शरीराच्या वजनाच्या चार-पाच पट जोर एका चवड्यावरून जमिनीत जातो. बोल्टने त्या रेसमध्ये साधारण 41 पावलं टाकली, त्यातली सुरुवातीची जरा जास्त वेळ टेकलेली असतात, तरी सगळी बेरीज मांडली तर 9.58 पैकी चार-साडेचार सेकंदच त्याचा पाय जमिनीला लागला असेल. बाकी वेळ माणूस चक्क हवेत.

नंतर अमेरिकेतल्या डॅलसच्या लॅबमध्ये वेयंड आणि केन क्लार्क यांनी अजून खोलात जाऊन बघितलं. 2014 च्या त्यांच्या पेपरचं सार असं की स्प्रिंटरचा पाय टेकला की पहिल्या अर्ध्या भागातच जोराचा मोठा झटका बसतो, बाकीच्या खेळाडूंमध्ये तो जोर स्प्रिंगसारखा हळूहळू चढतो आणि उतरतो. स्प्रिंटर गुडघा वर आणतो, पाय वरून खाली हाणतो, आणि टेकताना घोटा लोखंडासारखा कडक ठेवतो. घोटा मऊ पडला की जोर तिथेच जिरला.

आणि बोल्टचं तर अजून वेगळं. त्याच्या मणक्याला बाक आहे आणि उजवा पाय अर्धा इंच आखूड आहे. डॅलसच्या याच लॅबने त्याच्या दुसऱ्या एका रेसच्या व्हिडिओवरून 20 पावलं मोजली, तर उजव्या पायाचा झटका डाव्यापेक्षा साधारण 13 टक्के जास्त आणि डावा पाय 14 टक्के जास्त वेळ जमिनीवर. जगातला सगळ्यात वेगवान माणूस चक्क असमान पळायचा, आणि याचा त्याला फायदा झाला की तोटा हे त्या संशोधकांनीही छातीठोक सांगितलं नाही. मला हे फार आवडतं, मोजलं तेवढंच बोलले.

हे मोजण्याचं वेड जुनं आहे हो. 1920 च्या दशकात नोबेल मिळालेले आर्चिबाल्ड हिल अमेरिकेत कॉर्नेलला गेले, तिथे धावपटूंच्या छातीला चुंबक केलेली पोलादी पट्टी बांधली आणि ट्रॅकच्या कडेला तारांची वेटोळी लावली, माणूस समोरून गेला की तारेत करंट यायचा आणि वेळ नोंदली जायची.

आता तुम्ही म्हणाल आमच्याकडे कुठे असल्या लॅब. आम्ही व्हिडिओच्या शूटिंगसाठी एका मातीच्या ग्राउंडवर पहाटे गेलो होतो, तिथे अकरावीतली एक मुलगी 60 मीटर मारत होती, आणि तिच्या सरांनी मोबाईल जमिनीलगत विटेला टेकवून ठेवला होता, सेकंदाला 240 फ्रेम. रन झाला की दोघं उकिडवे बसून एकेक फ्रेम सरकवायचे. पाय टेकला, एक, दोन, तीन... तिचा पाय 31 फ्रेम जमिनीवर होता. म्हणजे 0.13 सेकंदाच्या आसपास. टॉपच्या स्प्रिंटरचा 22 च्या आसपास असतो. सरांनी वहीत 31 लिहिलं, तारीख घातली.

मग तिला विचारलं आता पुढचा रन कधी, तर म्हणाली सहा मिनिटांनी. साधारण दहा मीटरला एक मिनिट विश्रांती, असा बऱ्याच कोच लोकांचा ढोबळ हिशोब असतो, कारण फुल स्पीडला स्नायूतलं जे इंधन काही सेकंदांत संपतं ते परत भरायला मिनिटं लागतात. आणि इथे मला कळकळीने बोलायचंय. आपल्याकडे मुलांना दम लागलेला असताना, पोटऱ्या भरून आलेल्या असताना दहा-दहा राउंड पळवतात, ओकारी आली की म्हणतात आता प्रॅक्टिस झाली. त्यात दम वाढेल कदाचित, पण स्पीडची प्रॅक्टिस झालीच नाही, कारण थकलेला पाय जमिनीवर जास्त वेळ रेंगाळतो आणि शरीर तेच शिकतं. वर मांडीमागचा हॅमस्ट्रिंग दुखावला की महिनाभर घरी.

सहा मिनिटं ती मुलगी नुसती चालली, दोन घोट पाणी प्यायली, घोटा कडक ठेवून जागेवर बारीक उड्या मारल्या. सरांनी वीट थोडी पुढे सरकवली, मोबाईल पुसला आणि हात वर केला.